दसऱ्याला पुसलेली नावं

रजनी : रुपचंदनाना, या बारा नळ्यांवर मी काचेवरच्या पेन्सिलीनं नावं लिहिली होती. ती कुठं गेली?

नाना : नावं? मला वाटलं, डाग. काल दसरा ना ताई, म्हणून लॅबमधल्या बठ्ठ्या, एकूण एक वस्तू स्पिरिटनं पुसल्या अन् पूजा केली. बघा, प्रत्येक नळीला कुंकू शे.

रजनी : कुंकू दिसतंय हो! पण आत कोणता जिवाणू, ते कसं दिसणार? आठ महिन्यांचं काम, नाना. सोमवारी पुण्याला पाठवायच्या होत्या.

नाना : (नळी उजेडात धरून) तोंडाचे कापसाचे बोळे काढले नाहीत हं मी. पण बठ्ठ्या सारख्याच दिसतात.

रजनी : म्हणून तर चाचण्या करतो. साखरेचं आम्ल कोण करतो, पेरॉक्साइडच्या थेंबानं कोणाला फेस येतो... वहीत नोंदी आहेत. परत करून बघितलं की दहा जण सापडतील.

नाना : अन् दोन?

रजनी : एक पाचोऱ्याच्या मेथीच्या मुळावरच्या गाठीतला, एक जामनेरच्या वाटाण्याच्या. दोघांची उत्तरं अगदी एकसारखी. जात एक की दोन, ते डीएनएवरून पुण्यात कळणार होतं. आता पुण्याचं उत्तर आलं तरी मेथीचा कोणता, हे मी कशावरून सांगू?

नाना : मी साहेबांना सांगतो, चूक माझी. मार्चात रिटायरच व्हायचंय.

रजनी : साहेबांना सांगून नळ्या बोलणार आहेत का?

नाना : नळ्या नाही. मेथी बोलेल.

रजनी : म्हणजे?

नाना : तुम्हीच म्हणाला होता ना, मेथीच्या मुळाला तिचाच जिवाणू गाठी आणतो? मी वाळू भाजतो, म्हणजे तिच्यातले दुसरे जंतू मरतील, अन् मेथी पेरतो. एका कुंडीत ही नळी, दुसरीत ती. गाठी आल्या, ती मेथीची.

रजनी : ...नाना! हे मला कसं सुचलं नाही? पण महिना जाईल.

नाना : जाऊ द्या की.

रजनी : पुण्याला पुढची तारीख मागायला हवी. पत्रात कारण काय लिहू?

नाना : खरं ते लिहा. रुपचंद शिपायानं नावं पुसली.

रजनी : लिहिते. ‘दसऱ्याच्या पूजेत नळ्यांवरची नावं पुसली गेली. ओळख पटवायला आम्हांला महिना द्यावा.’

नाना : आम्हांला?

रजनी : मग मेथी कोण पेरणार? माझ्या हातानं कोथिंबीरसुद्धा उगवत नाही.

नाना : तर मग दोन कुंड्या नको, ताई. सहा घेऊ. एखादी उंदरानं खाल्ली, तर परत मीच बदनाम.