तिकिटावरची आत्या

राजवाड्याच्या दारात एक भाचा, त्याची आत्या आणि तिकीट तपासनीस यांची अशी काही जुंपली होती, की पाठीमागे उभ्या असलेल्या मी कानांतली गाणीच बंद केली!

“ओळखपत्रावर यांचं नाव वेगळंय. तिकिटावर नुसतं ‘आत्या’!”

“बुकिंग भराभर संपत होतं हो.”

“म्हणून खरं नाव टाकायचं नाही?”

“मला माहीतच नव्हतं. सगळे आत्याच म्हणतात.”

“मेल्या, तुझ्या बापाचं लग्न मी जमवलं, आणि माझं नाव माहीत नाही?”

“नाव जुळल्याशिवाय सोडता येत नाही. पुढचं तिकीट दोन महिन्यांनी मिळेल.”

“दोन महिने? मी इथूनच हलणार नाही!”

“अहो आत्या, मागे रांग खोळंबलीय!”

“बघा, तुम्हीसुद्धा आत्याच म्हणालात. जुळलं की नाव! सरका बाजूला.”