मुडद्या, बॉल दे की!

प्रेमानं दिलेली शिवी मैदानात शिवी म्हणून धरायची की नाही, तुम्हीच सांगा?

माझा धाकटा भाऊ पौडच्या शाळेत नवा मास्तर होता. आम्हाला दूध घालणाऱ्या हौसाकाकू रोज सकाळी दारातून त्याला हाक मारायच्या, "आरं मुडद्या, ऊठ की! दूध घे." तो हसत पातेलं घेऊन धावायचा. त्याच शाळेत शिकणाऱ्या स्वतःच्या पोराला, बबनलाही त्या असंच हाकारायच्या.

एकदा पुण्याहून एसटीनं एका शाळेचा संघ फुटबॉल खेळायला आला. भात कापलेल्या खाचरात सामना, आणि पंच माझा भाऊ. "शिवी देईल तो बाहेर," असं त्यानं आधीच बजावलं होतं. खेळ रंगात आला आणि बबन आपल्याच गड्यावर ओरडला, "मुडद्या, बॉल दे की!" पाहुण्यांनी तक्रार केली. भावानं बबनला बाहेर काढलं. आपली पोरं हरली.

हौसाकाकू तरातरा आल्या. "त्यानं शिवी कुटं दिली?"

"मुडद्या म्हणाला ना, काकू."

"मग मी तुला रोज शिवी देते व्हय?"

भाऊ गोंधळला. "तुमचं वेगळं हो. पण नियम म्हणजे नियम."

"बरं, गुरुजी. चुकलं आमचं," म्हणून काकू निघून गेल्या.

"ताई, रागावल्या नाहीत ना? किती नीट बोलल्या!" भाऊ सारखा विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातून हाक आली, "गुरुजी, दूध घेता का?" आणि भाऊ पातेलं हातात धरून तसाच उभा राहिला.