तिसऱ्या दरपत्रकाची प्रतीक्षा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय मिसेस हॅलम, व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे पाद्री रेव्हरंड पेनिस्टन, जिल्ह्याहून आवर्जून आलेले पक्षाचे प्रतिनिधी, सत्कारमूर्ती श्री. क्लिफर्ड ऑलरेनशॉ, सकाळपासून अंड्याची सँडविचेस कापत उभा असलेला महिला विभाग, आणि विंडरशॉ कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबच्या सभासद बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. सत्कारमूर्तींनी खिशातून घड्याळ काढलेलं मला इथून दिसतंय. स्वतःच्या सत्कारालाही वक्त्याची वेळ मोजणारा चिटणीस दुसऱ्या कुठल्या क्लबाला मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

माझ्यावर आज दुसराही एक पहारा आहे. माझी पत्नी बिअट्रिस तिसऱ्या रांगेत बसली आहे. येताना गाडीत ती म्हणाली, "गॉडफ्री, ते बोलल्याशिवाय खाली बसलास ना, तर घरी चालत ये." आमचं घर चढावर आहे, हे आपण जाणताच. ते म्हणजे काय? क्लिफर्डना मला एक माफी मागायची आहे. चार वर्षं ती राहून गेली. शनिवारी यांचं सामान घेऊन गाडी डेव्हनला, मुलाच्या घरी निघणार. तेव्हा आज नाही, तर मग कधीच नाही. पण माणसाची ओळख करून न देता माफी कशी मागायची? म्हणून आधी ओळख.

क्लिफर्डनी नदीकाठच्या कोळशाच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं नोकरी केली. पाळीप्रमुख होते. नियंत्रण कक्षात त्यांच्या टेबलासमोर काय टांगलेलं असायचं? टीव्हीच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक! मालिकेचा भाग संपला की अख्खा देश एकाच मिनिटाला उठतो आणि चहाची किटली लावतो. लाखो किटल्या एकदम. त्या क्षणी वीज कमी पडली तर दिवे मंदावणार. म्हणून कोण कुणाशी लग्न करतंय याच्याशी या माणसाला काही देणंघेणं नव्हतं, पण ते लग्न किती वाजून किती मिनिटांनी लागतं, हे त्यांना तोंडपाठ असे. मी एकदा विचारलं, "अहो, एकही भाग बघितला नाहीत कधी?" तर म्हणाले, "सगळ्यांनी बघितला ना? मग झालं."

मित्रहो, याला मी देशसेवा म्हणतो. आपण पदकं देतो ती दुसऱ्यांना. पण एकतीस वर्षं या देशाचा चहा गार होऊ दिला नाही, त्याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी मोठ्याने सांगतो.

मागच्या वर्षी देशातलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र बंद झालं. त्या दिवशी क्लिफर्ड काळा टाय लावून ग्रंथालयात पुस्तक परत करायला गेले. बाईंनी हळूच विचारलं, "कोण गेलं?" हे म्हणाले, "सहकारी." आणि नवीन पुस्तक घेऊन घरी आले.

त्यांची मतं आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या साप्ताहिकाच्या संपादकांनाही ठाऊक आहेत, कारण दर बुधवारी एक पत्र जातं. ज्या देशाने जगाला वाफेचं इंजिन दिलं, त्याने समुद्राखालून तारा टाकून शेजाऱ्यांकडून वीज मागावी? हिवाळ्यात धुकं धरतं, पान हलत नाही, तेव्हा पवनचक्क्यांनी काय करायचं, एकमेकींकडे बघत उभं राहायचं? यातलं प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. आपण पुराणमतवादी माणसं आहोत. लोक हा शब्द शिवीसारखा वापरतात, मी तो कोटाला फूल लावावं तसा लावतो.

पण जुनं ते सगळं चांगलं, असं आपण कधी म्हटलं? लहानपणी शनिवारी स्वयंपाकघरात पत्र्याच्या टबात मी आंघोळ केली आहे, तीही दोन भावांनंतर त्याच पाण्यात. मला ते दिवस परत नकोत. आपलं म्हणणं इतकंच, की नवं नीट चालू झाल्यावर जुनं काढा. गावातली बँक गेली, तिच्या जागी काय आलं? टपाल कार्यालय गेलं, खालच्या आळीचा पब गेला. आता शेजाऱ्याचं आडनाव आपल्याला त्याचं पार्सल चुकून आपल्या दारात आलं तर कळतं. ही प्रगती असेल, तर मला तिचं कौतुक करायला थोडा वेळ लागेल.

आमची हॅरिएट मागे बसून हसते आहे. हसू दे. माझीच मुलगी आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर! ती पहिल्यांदा क्लिफर्डना भेटली तेव्हा म्हणाली, "काका, तुम्ही आम्हाला शिव्या घालता असं ऐकलं." हे म्हणाले, "छे गं, यंत्र उत्तम आहे तुझं. फक्त चहा कधी प्यायचा ते वाऱ्याला विचारावं लागतं." "आणि तुमचा चहा प्यायला की खोकला येतो!" ती म्हणाली. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ आहे. तीन तास बोलत होते, मला त्यातलं अक्षर कळलं नाही.

आता मूळ मुद्दा. हो क्लिफर्ड, चार मिनिटं उरली, दिसतंय मला.

तुमच्या उजव्या हाताला ती भिंतीत बसवलेली, कोळशाची बिडाची शेगडी आहे. मी क्लबाचा अध्यक्ष झालो तेव्हा मला सुधारणेचा उत्साह होता. घरातली चूल मी विटा लावून बुजवली होती, सगळं विजेवर केलं होतं, आणि आल्यागेल्याला ते दाखवत होतो. मग बारा जणांच्या कार्यकारिणीत मी ठराव मांडला, की सभागृहातली शेगडी काढून टाकावी. क्लिफर्डनी विरोध केला. सात विरुद्ध पाच मतांनी ठराव मंजूर झाला. चिटणीस या नात्याने अंमलबजावणी त्यांच्याकडेच आली.

आता आपल्या क्लबाचा नियम आपल्याला माहीत आहे. तीन दरपत्रकं आल्याशिवाय कुठलंही काम द्यायचं नाही. क्लिफर्डनी दोन आणली, आठ दिवसांत. आणि मग दर महिन्याच्या बैठकीत आम्ही विचारायचो, शेगडीचं काय? आणि ते इतिवृत्त उघडून गंभीरपणे वाचायचे, "तिसऱ्या दरपत्रकाची प्रतीक्षा आहे." आठ महिने! बाराही सभासदांना कळत होतं काय चाललंय. पण चिटणिसाला सरळ विचारणं हे उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून कुणी विचारलं नाही. आम्ही माना डोलवायचो आणि पुढचा विषय घ्यायचो.

शेवटी तिसऱ्या दरपत्रकासाठी मीच गुपचूप शेजारच्या गावातला एक गवंडी पाठवला. क्लिफर्डनी त्याला शेगडीसमोर बसवून चहा पाजला. तो मला फोन करून म्हणाला, "साहेब, दुसरं काही काम असेल तर सांगा. हिला हात लावायची मला लाज वाटते."

आणि नोव्हेंबरात ते वादळ आलं. शुक्रवारी संध्याकाळी वीज गेली, ती मंगळवारी आली. रस्ते बर्फाने बंद. माझ्या त्या आधुनिक घरात रविवारी सकाळी स्वयंपाकघरातलं पाणी गोठलं. माझी आई एक्क्याण्णव वर्षांची. सगळी पांघरुणं घातली, तरी तिची बोटं निळी पडत होती. मी ती चोळत बसलो होतो. समोर विटांनी बुजवलेली चूल. आयुष्यात इतका हतबल मी कधी झालो नव्हतो.

दारावर थाप पडली. क्लिफर्ड. मागे त्यांच्या नातवंडांची बर्फावरची घसरगाडी, तिच्यात पिसांची रजई. म्हणाले, "विनिफ्रेड कुठे आहे?" इतकंच. आम्ही दोघांनी तिला उतारावरून ओढत इथे आणलं. आमच्या मातोश्री वाटेत दोन्ही बाजूंच्या घरांना हात हलवून अभिवादन करत होत्या.

शेगडी पेटलेली होती. गावातली तेवीस माणसं चार दिवस इथे राहिली. क्लिफर्डनी वीज केंद्रासारख्या तीन पाळ्या लावल्या, मला पहाटे सहाची दिली आणि कोळसा कसा घालायचा ते शिकवलं. हॅरिएट तेव्हा सुट्टीवर आली होती, तिने दुपारची घेतली. मी वाट बघत होतो, की आता हा माणूस म्हणेल, सांगितलं नव्हतं मी? त्यांचा तो हक्क होता. ते म्हणालेच नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी वाचलं, "शेगडी वापरात आहे. तिसऱ्या दरपत्रकाची प्रतीक्षा आहे." आणि पान उलटलं.

आई त्यानंतर अडीच वर्षं जगली. स्वतःच्या अंथरुणात, शांतपणे गेली. ती अडीच वर्षं मला या माणसाने दिली.

आजचा समारंभ देखणा केल्याबद्दल महिला विभागाचे आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, पाद्रीबुवांनी प्रास्ताविक आटोपशीर केलं, त्यांचेही आभार. आणि आता, बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घालावं, असं म्हणून वक्ते खाली बसतात. मला तसं मोघम बोलून भागणार नाही. माझी चूक मला नेमकी ठाऊक आहे.

त्या ठरावाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, मी म्हणालो होतो, "ही शेगडी आणि क्लिफर्ड ऑलरेनशॉ, दोघांनाही आता संग्रहालयात ठेवायला हवं." सगळे हसले. तू हसला नाहीस. तू खाली मान घालून इतिवृत्तात लिहिलंस, "अध्यक्षांनी मनोगत व्यक्त केलं." माझा अपमान होऊ नये म्हणून तू स्वतःचा अपमान नोंदवला नाहीस.

क्लिफर्ड, मी चुकलो. मला माफ कर.

बिअट्रिस, बोललो गं. बसतो आता.

काय? काय म्हणतोय तो? मंडळी, चिटणीस म्हणतात, वक्त्यांनी वेळेच्या दोन मिनिटं जास्त घेतली, पण ती इतिवृत्तात येणार नाहीत.