ओढ्यावरचे काटे

पंक्चरवर हसू नका रे. निजामाच्या शेवटच्या वर्षी लुटारूंची मोटर येऊ नये म्हणून आमी गावापासून दोन कोसांवर, ओढ्याच्या उतारावर बाभळीचे काटे पसरायचो. आपलं माणूस येणार असलं की बाजूला सारायचो.

एक दिवस मायला साप चावला. मी आडवाटेनं सेलूला पळालो, म्हाताऱ्या डॉक्टरांना त्यांच्याच मोटरीतून घेऊन निघालो. काटे आठवलेच न्हाईत. ओढ्यावर दोन्ही टायर बसले. ड्रायव्हर हवेच्या जागी टायरात कडबा कोंबायला लागला.

"कुणी टाकले रे हे काटे?" डॉक्टर म्हणाले.

"ठाऊक न्हाई, साहेब."

घरी पोचलो तवा माय गेली होती. समजूत घालायला डॉक्टरांनी माझे हात हातात घेतले. त्यावरचे ओरखडे बघितले, अन् हळूच सोडून दिले.