सगळ्यात देखणं पान

भाची : मामा, काचेवर श्वास सोडू नकोस. आणि ती पिशवी उचल टेबलावरून. पालकाची माती सूक्ष्मदर्शकात गेली, तर मॅडम मलाच कुंडीत पुरतील.

मामा : उचलतो गं. पडद्यावर हे हिरवे वाटाणे कसले?

भाची : हरितकण आहेत ते. पानाच्या एका पेशीतले. रोपाच्या सगळ्याच पानांना मी परवा रोग टोचलाय. बघ, कसे लांब हात काढून मधल्या केंद्रकाकडे सरकताहेत. रोग आल्याची वर्दी द्यायला.

मामा : हात आपोआप लांबतात?

भाची : छे. एक प्रथिन असतं, मी त्याला हमाल म्हणते. पेशीत दोऱ्या ताणलेल्या असतात. हमाल दोरीवरून पावलं टाकतो आणि हरितकणाची कड धरून ओढत नेतो.

मामा : दोरीवरून चालायचं, वर ओझंही ओढायचं, आणि म्हणायचं काय, तर हमाल! जरा बरं नाव द्यायचंस बिचाऱ्याला.

भाची : मामा, मी रडायच्या बेतात आहे.

मामा : का? ओढतोय की छान.

भाची : तेच तर! हे लंगडं रोप आहे. यात हमाल बनूच नये म्हणून एक साधा विषाणू सोडला होता. हमाल नाही तर हात नाही, असं मॅडमना छाती ठोकून सांगून बसलेय. आज पहिल्यांदा बघतेय, तर पाचही लंगड्या रोपांत हात! मॅडम आत्ता येतील. माझ्या प्रबंधाचा बोऱ्या वाजला.

मामा : मी... पालक निवडू का तोवर? काही सुचेनासं झालं की हाताला काम असलेलं बरं.

भाची : निवड. बघू... शी! ही काय जुडी आणलीस? सगळी डागाची पानं!

मामा : एकटीच उरली होती. कोणी घेईना. मला अवघडल्यासारखं झालं.

भाची : आई दारातूनच परत पाठवेल तुला. जुडीसकट.

मामा : तुझी आई ढीग उपसून एक जुडी काढते. तू तिचीच लेक. मघाशी कुंडीतलं पान तोडताना चार पानं चाचपलीस, नाक मुरडलंस आणि पाचवं, टवटवीत, तेवढं घेतलंस.

भाची : मग? मरतुकडं घेऊ?

मामा : नाही, नाही. मला काय कळतंय त्यातलं.

भाची : थांब. पाचही वेळा... प्रत्येक कुंडीत मी टवटवीतच घेतलं. अरे देवा! मामा, हमाल बंद पाडणारा तो विषाणू सगळ्या पानांत सारखा पोचत नाही. जिथे पोचला नाही, तिथे हमाल शाबूत. म्हणून तर ते पान रोगाला पुरून उरलं!

मॅडम : कोण कोणाला पुरून उरलं? आणि हे गृहस्थ?

भाची : माझे मामा, मॅडम. मी लंगड्या रोपांची नेमकी चांगली पानं तोडली.

मॅडम : सगळ्यात देखणी? अगं, तू प्रयोग करतेस की स्थळं बघतेस?

मामा : घराण्याचीच खोड आहे हो. चुकलं असेल तर...

मॅडम : तुम्ही बसा हो. आणि तू, सगळ्यात कुरूप पान आण. आत्ता.

(ती कुंडीपाशी जाते. या वेळी चाचपत नाही.)

भाची : लावलं. मॅडम... एकही हात नाही. सगळे जागच्या जागी.

मॅडम : हं. पाचही रोपांची अशी पानं बघ. त्यांत हमाल खरंच नाही ना, तेही तपास. मग नाच.

मामा : म्हणजे याच्यात वर्दी द्यायला कोणीच गेलं नाही?

भाची : नाही, मामा. माझं म्हणणं बहुतेक खरं ठरतंय.

मामा : छान झालं. पण पान बिचारं... बरं, मी निघू? आणि ही जुडी? तुझी आई ओरडेल.

भाची : घरी ने. मीच आणायला सांगितली होती म्हण.