गटारीचं सोंग

— पडद्याआडून काय बघतेस मीरा, झोपलेत ते, शेजारधर्म म्हणून डबा घेऊन आलीस ना, ये, बस बाकावर. उजवी बाजू गेली ह्यांची, आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणतो, लगेच आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं, संध्याकाळपर्यंत काय करत होतात? मिसरूड फुटलं नाही आणि मला विचारतोय — अख्खा जन्म ह्या माणसाची दारू मी सोसली, त्याने नाही. गटारीचा दिवस, मटण आणायला म्हणून सकाळी बाहेर पडले, आले ते रिकाम्या हाताने, झोकांड्या खात, जीभ जड, उंबऱ्यातच बसकण मारली. आता कोणीही काय समजेल? प्यायले, हेच ना?

आमची सून मात्र मोठी शहाणी. आई, बाबांचं तोंड वाकडं झालंय, रिक्षा बोलावते. म्हटलं दीप्ती, गटारीला अर्ध्या चाळीचं तोंड वाकडं असतं, सगळ्यांना हॉस्पिटलात नेतेस काय? मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले की ह्या डॉक्टरीण. आणि दुपारी तिच्याच माहेरची माणसं जेवायला यायची — त्यांच्यासमोर हे ध्यान मिरवू? लिंबूपाणी पाजलं, अर्धं गळ्यावर ओघळलं, ढकललं आतल्या खोलीत आणि घातली बाहेरून कडी. दार वाजवत होते, नाही कशाला म्हणू — मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग वाजायचं थांबलं. म्हटलं, चला, झोपले एकदाचे. पाहुणे गेल्यावर दीप्तीने कडी काढली, तर हे जमिनीवर.

वास? नव्हता वास. पण व्होडकाला कुठे वास येतो, सगळ्या बेवड्यांना ठाऊक असतं ते. रक्तात काही निघालं नाही म्हणे, थेंबसुद्धा नाही. नातीच्या बारशापासून शिवलो नाही म्हणून सांगायचे, पण असल्या शपथा मी ढीगभर ऐकल्यात, कोण विश्वास ठेवणार? आणि प्यायले नव्हते तर सांगायचं ना तसं, तोंड उघडून एवढं एक वाक्य बोलायला ह्यांना काय —

ते राहू दे. आता नखरे बघ ह्यांचे. दीप्तीच्या हातून पेज पितात, मी चमचा पुढे केला की मान भिंतीकडे. हलत काही नाही, मान तेवढी बरोबर फिरते.

तू कशाला डोळे पुसतेस? तुझा नवरा आहे काय? ऊठ, तो डबा घे तुझा, भेटायची वेळ संपली. जा म्हटलं ना.