हिरवा तंगूस

त्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं, पण वाऱ्याचं नाव नव्हतं, घरात उकडत होतं, म्हणून मी गिटार घेऊन ओसरीवर बसलो होतो. जुन्या, मोडक्या गिटारी आणायच्या, सरेस लावून सांधायच्या आणि वाजवत बसायचं, हा माझा म्हातारपणचा नाद. ह्या गिटारीची बारीक तार गायब होती. तिच्या जागी मी मासे धरायचा हिरवा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ताणला, तर चांगला बोलायला लागला.

तेवढ्यात शेजारचा सुखदेव आला. तो तळ्यावर मासे धरतो. आल्या आल्या त्याची नजर तारेवर.

"भाऊ, हा तंगूस कुठून आनला?"

"ब्रह्मपुरीच्या बाजारातून. काऊन?"

"माह्या तंगूसाचं रीळ कालपासून दिसून नाई राह्यलं. तेही हिरवंच."

"हिरवा तंगूस साऱ्याईपाशीच असते, बापू."

"असते ना. पन गिटारले कोन लावते?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, आणि आता चोर ठरणार का?

"वाजवा बरं," तो म्हणाला. "मासा लागला का माहा तंगूस कसा बोलते, मले ठाऊक हाये."

मी वाजवलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"आनखी."

मी आणखी वाजवलं. इतक्यात पलीकडून त्याच्या बायकोनं हाक मारली, "अजी, रीळ सापडलं! जाळ्याखालीच होतं!"

मी गिटार खाली ठेवली. "झाली का खात्री?"

सुखदेव जागचा हलला नाही. म्हणाला, "तिच्या बोलन्यावर माहा भरोसा नाई, भाऊ. तुमी वाजवा, मी तपासून राह्यलो."